तांबडं फुटलंय, मंडळी!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. ज्या बैठकीबद्दल हा लेख आहे त्या बैठकीला मी हजर होतो, आणि मी तोंड उघडलं नाही. तेव्हा पुढे जे काही चिडून लिहिलं आहे त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे, असं समजून वाचावं.

गोष्ट २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तयारीची. शनिवार सकाळ, एका कमिटी मेंबरचं बेसमेंट, समोर पोहे आणि चहा. सांस्कृतिक कार्यक्रमाची यादी वाचली जात होती. अथर्वशीर्ष, छोट्यांचा नाच, सुगम संगीत, एक प्रहसन. मग आला तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा गट. सात मुलं, त्यातली एक माझी मुलगी. या वयाची मुलं आपल्या कार्यक्रमात स्वतःहून भाग घेत नाहीत हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ती हॉलच्या मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसतात आणि जेवण सुरू झालं की पुढे येतात. या वेळी मात्र त्यांनी आपण होऊन नाव दिलं होतं, आणि गाणं निवडलं होतं 'तांबडी चामडी'.

ज्यांच्या घरी टीनएजर नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'क्रेटेक्स' या नावाने काम करणारा कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस यांचं हे गाणं. मराठी शब्द, आणि खाली हाउस म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत. सिनेमातलं गाणं नाही, अल्बममधलं नाही, एकटं गाणं. ज्याला 'सिंगल' म्हणतात ते. २०२४ साली ते 'स्पिनिन रेकॉर्ड्‌स' या डच कंपनीकडून प्रसिद्ध झालं. १९९९ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ मध्ये वॉर्नरने विकत घेतलेली ही कंपनी नाचाच्या संगीतातल्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत मोडते. तिच्या यादीत मराठी गाणं गेलं. हे आपल्याला आपल्या कुठल्याच वॉट्सॅप ग्रुपवर कळलं नव्हतं. आपण तेव्हा कारल्याच्या रसाचे फायदे फॉरवर्ड करत होतो.

बैठकीत तीन आक्षेप आले. पहिला, "हे संगीत नाही, नुसता आवाज आहे." दुसरा, "शब्द तरी बघा कसले आहेत! चामडी काय!" तिसरा आणि अंतिम, "आपल्या संस्कृतीत बसत नाही." चार मिनिटांत गाणं कापलं गेलं. त्याऐवजी मुलांना सुचवण्यात आलं की त्यांनी हिंदी गाण्यांची मेडली करावी, तिला टाळ्या हमखास पडतात. त्यानंतर पाऊण तास मोदक घरी करायचे की इंडियन स्टोअरमधून मागवायचे यावर गंभीर चर्चा झाली. मी मोदकांच्या चर्चेत हिरिरीने भाग घेतला.

घरी येऊन मुलीला निर्णय सांगितला. ती रडली-बिडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, हिंदी ओके आहे आणि मराठी ओके नाही? मग मंडळाचं नाव महाराष्ट्र मंडळ का आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणून हा लेख.

आक्षेप पहिला: नुसता आवाज

यंत्रातून निघालेलं ते संगीत नव्हे, असं ज्यांचं मत आहे त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी मंडळाच्या शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत स्टेजवर नीट बघावं. गायकाच्या मागे जो तानपुरा वाजतोय तो बहुतेक वेळा एक छोटी पेटी असते, भिंतीतल्या प्लगला लावलेली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि तेव्हापासून त्या पेटीने किती विद्यार्थ्यांचा सूर सांभाळला असेल याची गणती नाही. आता तर ती पेटीही गेली. फोनमधलं ॲप तानपुरा आणि तबला दोन्ही देतं. अमेरिकेतल्या गावोगावच्या बेसमेंटमध्ये ज्या काकू मुलांना यमन शिकवतात त्यांच्याकडे तबलजी कुठून येणार? ॲपच ठेका धरतं. म्हणजे आपण वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक संगीत करतोच आहोत. फक्त ते सोवळ्यात आहे म्हणून आपल्याला दिसत नाही.

आणि पेटी? आपली लाडकी बाजाची पेटी, हार्मोनियम, ती कुठली? युरोपातून आलेली. ती इथल्या संगीतात बसत नाही, तिला मींड काढता येत नाही, तिच्या पट्ट्यांत आपल्या श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप घेऊन १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. आक्षेप अगदीच चुकीचे नव्हते. पेटीला खरोखरच मींड काढता येत नाही. पण त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातलं कीर्तन थांबलं नाही आणि नाट्यगीतही पेटीशिवाय झालं नाही. १९११ च्या 'संगीत मानापमान'चं संगीत ज्यांनी दिलं ते गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवादक. गंधर्व नाटक मंडळीत तर पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजत असे, जो मुळात परदेशातल्या घरांतून आणि छोट्या चर्चमधून प्रार्थनेसाठी वाजायचा. आज नाट्यसंगीत ही आपली अस्सल परंपरा आहे असं म्हणताना त्या ऑर्गनचा पासपोर्ट कोणी तपासत नाही.

भावगीताचंही तेच. ते नुसतं कवितेतून जन्माला आलं नाही, ते तबकडीतूनही आलं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात सुरुवात, मध्य आणि शेवट बसवायचा तर ख्याल चालत नाही. नेमकी कविता, नेमकी चाल लागते. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी गायलेली ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' घरोघरी गेली ती अशाच तबकडीवरून. एक गाणं, एक तबकडी, दुकानात जाऊन विकत घ्यायची. आजच्या भाषेत तो 'सिंगल'च होता, आणि त्याचं प्रकाशन म्हणजे 'रिलीज'. तेव्हाच्या जाणत्यांनीही नाक मुरडलं असणार की मैफल सोडून हे काय यंत्रासमोर गायचं.

मी आयटीवाला आहे. मला रोज भेटणाऱ्या एका प्राण्याची इथे आठवण होते. तो म्हणतो, "ही नवी सिस्टिम नको, आमची जुनी उत्तम चालली आहे." खोदून विचारलं की कळतं, जुनी सिस्टिम आली तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

आक्षेप दुसरा: शब्द बघा

बरं, बघू या शब्द. मी गाण्याच्या ओळी इथे देत नाही, कारण मूळ आक्षेप नावावरच आहे. तांबडी, आणि चामडी.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना रंग शिकवले जातात. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तांबडा कोणी शिकवत नाही. माझ्या मुलीला 'तांबडा' हा शब्द प्रथम या गाण्यातून कळला. तिने आजीला, म्हणजे माझ्या आईला, व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजी, तांबडी म्हणजे रेड, बरोबर? मग लाल काय?" आईला असा प्रश्न गेल्या चौदा वर्षांत नातीने विचारला नव्हता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पुढची चाळीस मिनिटं आजी-नातीचं जे चाललं ते मी पडद्याच्या बाहेरून ऐकलं. तांबडी माती, जी कोकणात पायाला लागली की जात नाही. तांबडा रस्सा, कोल्हापूरचा, पांढऱ्याच्या जोडीने येणारा. तांबडा भोपळा. पुण्याची तांबडी जोगेश्वरी, जिचा गणपती मानाचा दुसरा. आणि पहाट होताना पूर्वेला जे दिसतं ते 'तांबडं फुटणं'. आई म्हणाली, "लाल रंग दुकानातला. तांबडा आपल्या घरातला."

आता सांगा, तांबडी जोगेश्वरी चालते आणि तांबडी चामडी चालत नाही, तर अडचण 'तांबडी'त नाही, 'चामडी'त आहे. हेही तपासू. मराठीत त्वचा, कातडी आणि चामडी असे तीन शब्द. 'त्वचा' जाहिरातीत आणि डॉक्टरांच्या लेखात. 'कातडी' घरात. 'चामडी' रागात, "चामडी सोलून काढीन" मधली. तिन्ही मराठी. आपण मुलांना पहिला शिकवतो, दुसरा चुकून कानावर पडतो आणि तिसरा आपल्या लहानपणी आपल्याला प्रत्यक्ष प्रात्यक्षिकासह शिकवला गेला होता. तिसरा शब्द असभ्य नाही. तो फक्त ड्रॉइंग रूमच्या बाहेरचा आहे.

पण माझं खरं भांडण इथे आहे, आणि ते शब्दकोशाचं नाही.

माझी मुलगी सावळी आहे. माझ्यावर गेली आहे. ती सॉकर खेळते, उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास उन्हात असते आणि ऑगस्टपर्यंत चांगली रापते. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी प्रेमाने तिच्या गालावरून हात फिरवून म्हणतं, "अगं, किती काळवंडलीस! उन्हात कमी खेळ हो." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, मला माहीत आहे. हेच वाक्य माझ्या बहिणीनेही लहानपणी ऐकलं, आणि पुढे स्थळं बघताना 'गोरी, नाकीडोळी नीटस' हे शब्द तिने किती वेळा वाचले ते तिलाच ठाऊक. आमच्या घरातल्या आरशासमोर त्या क्रीमची ट्यूब असायची जिचं नाव २०२० साली जगभर ओरड झाल्यावर कंपनीने बदललं. 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आलं. ट्यूबचं नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली. आपल्या तोंडातलं वाक्य अजून बदललेलं नाही.

दहा वर्षांची असताना मुलीने मला विचारलं होतं की सनस्क्रीन कॅन्सर होऊ नये म्हणून लावायचं की काळं होऊ नये म्हणून. शाळेत आणि मंडळात तिला वेगवेगळी उत्तरं मिळाली होती.

अशा मुलीला पहिल्यांदा एक मराठी गाणं भेटतं ज्यात उन्हात चमकणारी तांबडी कातडी हीच मिरवायची गोष्ट आहे. ती ते बाकीच्या सहा जणांना ऐकवते. सातही जण सावळे, तांबूस, गव्हाळ, उन्हात खेळणारे. ते सगळे म्हणतात, हे आपण स्टेजवर करू, सगळ्या काका-काकूंसमोर. आणि आपण त्यांना सांगतो, शब्द चांगले नाहीत. मंडळी, शब्द त्यांना बरोबर कळले होते. कळले नव्हते ते आपल्याला.

हे गाणं म्हणजे कुसुमाग्रजांची कविता आहे असा माझा दावा नाही. ते नाचायचं गाणं आहे आणि नाचायच्या गाण्याइतकंच खोल आहे. पण मेडलीतल्या ज्या हिंदी गाण्यांना आपण हसत मान्यता दिली त्यांचे शब्द कोणी वाचून दाखवायची हिंमत करील का? 'कोंबडी पळाली' २००६ मध्ये मराठीत आली तेव्हा आपण म्हणालो, थिल्लर आहे. २०१२ मध्ये अजय-अतुल यांचीच ती चाल 'चिकनी चमेली' होऊन हिंदीत गेली तेव्हा आपण सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटलो, "हे मूळचं आमचं मराठी!" थिल्लरपणा सहा वर्षांत कुठे गेला? तो गेला नव्हता. त्याला फक्त मोठ्या दुकानाची पिशवी मिळाली होती.

आक्षेप तिसरा: आपल्या संस्कृतीत बसत नाही

मी २००५ साली एम. एस. करायला शिकागोला आलो. दक्षिण शिकागोत ३५ व्या रस्त्याजवळ माझं विद्यापीठ होतं. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर बेसबॉलचं मैदान, आणि त्याच्या शेजारी गाड्या उभ्या करायची मोठी जागा. त्या जागी १९९१ पर्यंत जुनं कॉमिस्की पार्क होतं. तिथे १२ जुलै १९७९ च्या रात्री एक प्रकार घडला. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एका रेडिओ निवेदकाने लोकांनी आणलेल्या डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग मैदानात सुरुंग लावून उडवला. लोक मैदानात घुसले, गवत पेटलं, दुसरा सामना खेळताच आला नाही आणि यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला. जमलेल्यांचं म्हणणं सोपं होतं: हे संगीत आपलं नाही. ते मुख्यतः काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून आलेलं होतं, हे तिथे मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

डिस्को रेडिओवरून गेला. पण त्याच शहरात, युनियन स्टेशनपासून दोन रस्ते पलीकडे, २०६ साउथ जेफरसन स्ट्रीटवर 'वेअरहाउस' नावाचा क्लब चालू होता. तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे त्याच 'नको असलेल्या' तबकड्या घेऊन, त्यांचे तुकडे जोडून, ठेका लांबवून रात्रभर वाजवत असे. पुढे शिकागोतल्या पोरांनी त्यात जपानच्या रोलंड कंपनीची ड्रमची यंत्रं मिसळली. ती यंत्रं मुळात एकट्या वादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेली. पण त्यांचा आवाज खऱ्या ड्रमसारखा लागत नाही म्हणून वादकांनी नाकारली आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ती घेतली. वेअरहाउसवरून त्या संगीताला नाव पडलं 'हाउस'. १९८४ साली जेसी साँडर्सचं 'ऑन अँड ऑन' निघालं, ते पहिली हाउस रेकॉर्ड म्हणून ओळखलं जातं. तोही सिंगलच. २०२३ मध्ये शिकागो शहराने त्या वेअरहाउसच्या इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना आर्ट इन्स्टिट्यूट दाखवायला नेत असे, जिथे स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये बोलले. वेअरहाउसची इमारत तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मी त्या रस्त्याने युनियन स्टेशनला शेकडो वेळा गेलो, आणि मला ती माहीतसुद्धा नव्हती. माझ्या मुलीने दाखवली, इतक्या वर्षांनी, नकाशावर.

म्हणजे हाउस संगीत आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणताना आपण नेमकं काय म्हणतोय? ज्या देशात येऊन आपण राहिलो, त्या देशात ज्यांना "तुम्ही आमच्यातले नाही" असं ऐकवलं गेलं, त्यांनी टाकाऊ यंत्रांतून उभं केलेलं हे संगीत आहे. आपली मुलं ज्या देशात जन्मली त्याचा तो वारसा आहे. त्यात त्यांनी मराठी ओतली किंवा कोणी ओतलेली उचलली, तर घरच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. याहून चांगलं बसणं कुठलं असतं?

डच लोकांची वाट बघायची?

आणखी एक गोष्ट सांगतो. चरणजित सिंग हे मुंबईतले, हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली आणि १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, खाली यंत्राचा ठेका, वर सिंथेसायझर. एचएमव्हीने ती काढली. फारशी कोणी घेतली नाही. रागवाल्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना राग. मग एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, त्याने मुंबईत येऊन त्यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोपातले लोक चकित झाले, कारण शिकागोत १९८७ मध्ये ज्याला 'ॲसिड हाउस' म्हणू लागले त्याच्याशी तिचा आवाज विलक्षण जुळत होता, आणि ती पाच वर्षं आधीची होती. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या सिंग यांना परदेशातून वाजवायला बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती, त्यामुळे "हेही आम्हीच शोधलं" अशी बढाई मारू नये. ती सवय आपल्याला आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. माझा मुद्दा वेगळा आहे. १९८२ मध्ये आपल्याच शहरात आपल्याच रागांतून नवीन काहीतरी झालं, ते आपल्याला ऐकू आलं नाही, आणि २८ वर्षांनी एका डच माणसाने सांगितल्यावर आपण कान टवकारले. २०२४ मध्ये एक मराठी गाणं पुन्हा एका डच कंपनीकडून जगात गेलं. या वेळी निदान आपल्या मुलांनी ते लगेच ऐकलं. आणि आपण त्यांना काय सांगितलं? मेडली करा.

त्याच २०२४ मध्ये, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या मंडळींनी पेढे वाटले, मीही वाटले. दोन हजार वर्षांचा वारसा सिद्ध झाला याचा आनंद खराच आहे. पण अभिजात दर्जा हा भाषेच्या भूतकाळाचा दाखला आहे. भविष्याचा दाखला सरकार देत नाही. तो चौदा वर्षांची मुलगी देते, जेव्हा ती कोणी न सांगता मराठी शब्दाचा अर्थ विचारते.

जे खरं आहे तेही मान्य

माझ्याशी वाद घालणाऱ्या एका काकांनी मला नंतर पार्किंग लॉटमध्ये सांगितलं, "अरे, तू पुण्यातल्या मिरवणुका बघितल्या नाहीस अलीकडे. डीजेच्या भिंती असतात. छातीत धडधडतं, म्हातारी माणसं घर सोडून जातात." काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमांत २००० सालापासून आहे, आणि मिरवणुकीत तिची काय गत होते ते सगळे जाणतात. त्या भिंतींच्या मी विरुद्ध आहे.

पण काका, तो दोष आवाजाच्या बटणाचा आहे, संगीताच्या प्रकाराचा नाही. त्याच भिंतींवरून भजन लावलं तरी म्हाताऱ्यांचा त्रास तेवढाच होईल. आपल्या शाळेच्या ऑडिटोरियममध्ये आवाज किती ठेवायचा हे साउंड सांभाळणाऱ्या आपल्याच मेंबरच्या हातात असतं. बटण खाली करा. मुलांना खाली बसवू नका.

आणि दुसरीही एक गोष्ट मान्य. एका गाण्याने मराठी टिकणार नाही. ते गाणं वर्षभरात जुनं होईल, मुलं दुसरं शोधतील, ते कदाचित कोरियन असेल. नाचता नाचता वाचता येत नाही. त्यासाठी मराठी शाळा, पुस्तकं, आजीचे फोन लागतातच. मी एवढंच म्हणतो की घराला पुढचं दार असतं तसं मागचंही असतं. मुलं मागच्या दाराने आत येत असतील तर त्याला कुलूप लावून पुढच्या दारात रांगोळी काढण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय?

नुसती टीका करून थांबणं हे आपल्याकडे पूर्णवेळ काम आहे, म्हणून तीन सूचना करतो.

एक, प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं किशोरवयीन मुलांची. गाणं तेच निवडतील. अट एकच, गाणं मराठी असलं पाहिजे. कमिटीने फक्त हे बघावं की कोणाचा अपमान होत नाही. आवडणं ही कमिटीची अट नसावी. त्यांचे कार्यक्रम त्यांना तरी कुठे आवडतात?

दोन, हिंदी मेडलीला जो नियम तोच मराठी गाण्याला. शब्द तपासायचे तर दोन्हीचे तपासा, मोठ्याने वाचून, पोह्यांच्या प्लेटा खाली ठेवून.

तीन, नव्या मराठी कलाकारांना बोलवा आणि त्यांना पैसे द्या. दरवर्षी आपण भारतातून नाटक किंवा गायक आणतो, ते चालू राहू दे. पण दोन-तीन वर्षांतून एकदा असा कोणी आणा ज्याचं नाव आपल्याला मुलांना विचारावं लागेल.

२०२५ च्या त्या कार्यक्रमात मुलांनी मेडली केली नाही. ती मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसली आणि जेवण सुरू झाल्यावर पुढे आली. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती नेहमी तशीच बसतात. मला मात्र त्या रात्री मोदक गोड लागले नाहीत.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. पोहे खाईन, पण या वेळी तोंड खाण्यापुरतंच उघडणार नाही. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी जरूर यावं आणि भांडावं. भांडण मराठीत झालं म्हणजे मंडळाचा उद्देश निम्मा सफल झालाच. आणि ज्यांना पटतं पण जे माझ्यासारखे गप्प बसतात, त्यांनी तर यावंच.

गणपती बाप्पा मोरया!